पाणी कुठून येतंय?



घरच्या घरी करायच्या दुरुस्त्यांवर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा मी मे महिन्यातलीच तारीख मागून घेतली. गच्चीवर, पत्र्यावर, पन्हळीवर जे काही करायचं ते भिंती वाळलेल्या असतानाच करता येतं. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. तेव्हा जूनपर्यंत वेळ आहे असं समजून कोणी स्वस्थ बसू नये.

मी नोकरीभर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवलं. त्यामुळे शेजारी, नातेवाईक, जुने विद्यार्थी आपापल्या अडचणी घेऊन येत असतात. भिंतीला ओल आली, कोणता रंग लावू? स्कूटर पावसात बंद पडते, कोणतं ऑइल घालू? कपाटाला वाळवी लागली, काय फवारू? या सगळ्यांना औषध हवं असतं. रोग कुठला, हे विचारणारा क्वचित भेटतो. आपल्या हवामानात घराच्या, गाडीच्या आणि अंगणाच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी असतं. म्हणून पहिला प्रश्न असा हवा : पाणी कुठून येतंय, आणि त्याला जायला वाट आहे का? याचं उत्तर मिळालं की अर्धी कामं तुम्ही स्वतः कराल, आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी नेमक्या कारागिराला बोलवाल.

ओलीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यावर जितका पैसा वाया जातो तितका दुसऱ्या कशावर जात नसेल. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला की दिवाळीपर्यंत ती छान दिसते, पुढच्या श्रावणात पोपडे सुटतात. मग रंगाऱ्याला दोष दिला जातो. रंगाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला बघणारच, आणि जाताना वरचा थर सोबत नेणारच.

ओल बाहेरून येते की खोलीतल्या दमट हवेमुळे साचते, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. ओल्या डागावर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि चारही कडांना चिकटपट्टी घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब धरले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरले असतील तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. त्यावर उपाय खिडकी उघडण्याचा आणि पंखा लावण्याचा. त्याला गवंडी लागत नाही.

भिंतीतून येणारी ओलही एक प्रकारची नसते. जमिनीलगत सुरू होऊन कमरेच्या आसपास थांबणारी, पांढरे क्षार फुटलेली ओल जमिनीतून वर चढलेली असते. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींना हा हमखास लागतो, आणि हमखास चुकीचा उपाय होतो. खालच्या भागावर सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग देतात. भिंतीचा श्वास कोंडतो, आणि खाली बाहेर पडू न शकणारं पाणी आणखी वर चढतं. तिथे चुन्याचाच गिलावा हवा, आणि भिंतीच्या बाहेरच्या बाजूला साचणारं पाणी दूर नेणारा उतार हवा. हा उतार कुदळ-फावडं घेऊन घरची माणसं एका सकाळी काढू शकतात.

छताच्या ओलीची गोष्ट वेगळी. खाली डाग पडलाय त्याच्या बरोबर वर भेग असेल असं समजू नका. पाणी कोब्याखाली शिरतं, स्लॅबच्या उताराने किंवा विजेच्या नळीतून वाट काढतं आणि मिळेल तिथे गळतं. म्हणून डागाच्या वरची एक फरशी उखडून काही हाती लागत नाही. गच्चीचं पाणी जाणारी तोंडं कापडाने बुजवा, दोन-तीन इंच पाणी भरा, २४ तास ठेवा आणि खालून बघत राहा. त्याआधी दोन जागा डोळ्यांनी तपासा. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई दिलेली असते, तिला कारागीर वाटा म्हणतात. तो वाटा सुटलेला असतो. दुसरी जागा पाणी खाली नेणाऱ्या पाइपाचं तोंड. तिथे पालापाचोळा अडकला की गच्चीचं तळं होतं. दोन्ही कामं पावसाआधी कोरड्यातच करायची.

गच्चीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा. पिंपळ तोडायला हात धजत नाही हे मी समजू शकतो. मग तो मोकळ्या जागी नेऊन लावा, पण भिंतीत ठेवू नका. त्याचं मूळ फट उघडतं आणि पाऊस ती रुंद करतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा नेहमीचा वाद म्हणजे वरच्यांच्या न्हाणीघरातलं पाणी. भांडायला जाण्याआधी वेळ नोंदवा. ओल चोवीस तास सारखीच असेल तर पाणीपुरवठ्याचा पाइप फुटलाय, कारण त्यात सतत दाब असतो. सकाळी आंघोळींच्या वेळी वाढून दुपारी सुकत असेल तर नहाणी ट्रॅपचा किंवा सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा सुटलाय. एवढी नोंद हातात असली की वरच्या काकूंशी बोलणं सोपं जातं आणि प्लंबरला सगळी फरशी फोडावी लागत नाही. पाण्याला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. रात्री कोणी पाणी वापरलं नाही आणि तरी आकडा पुढे गेला, तर पाणी कुठेतरी मुरतंय. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका. अर्ध्या तासात फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा रबरी पडदा बदला. गळणाऱ्या नळाला बहुतेक वेळा नवा वॉशर पुरतो. मात्र आधी मुख्य कॉक बंद करायचा, आणि टेफ्लॉन टेप आटे समोर धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर नळ फिरवताना ती सुटून येते.

आता गाडीकडे वळू. दुचाकीची रोजची देखभाल कोणालाही जमते : हवा टायर थंड असताना भरायची, चेन धुऊन तिला तेल द्यायचं, टायरच्या खाचा झिजीच्या खुणेपर्यंत आल्या की टायर बदलायचा, ब्रेक दाबताना लिव्हर किती आत जातो याकडे लक्ष ठेवायचं. पावसात गाडी सुरू होत नसेल तर प्लगची टोपी काढून कोरडी पुसा. तिच्या रबराला चीर गेली असेल तर ती काही रुपयांची टोपीच बदला. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड जमली असेल तर साफ करा. वायर काढताना ऋण टोक आधी काढायचं आणि जोडताना शेवटी जोडायचं, म्हणजे पाना चुकून गाडीच्या धातूला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

पण गाडीच्या बाबतीत मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पुराच्या पाण्यात मोटार बंद पडली तर ती पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका. एकदाही नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो, हवा दाबली जाते. तिथे पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. पाणी शिरलेलं इंजिन उघडून, सुकवून, ऑइल बदलून वाचवता येतं. चावी फिरवल्यानंतर मोडलेलं इंजिन बहुधा वाचत नाही. साध्या विम्यात हे नुकसान अनेकदा धरलेलंही नसतं. इंजिनाच्या संरक्षणाचं वेगळं कलम घेतलंय का, हे पावसाआधी कागद काढून वाचा.

अंगणातल्या उपद्रवाची मुळंही पाण्यातच सापडतात. आपल्या घरांना लागणारी वाळवी बहुतेक जमिनीतून येते. भिंतीवर दिसणारी मातीची नळी हा तिचा रस्ता असतो. उघड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून ओल टिकवायला तो झाकलेला रस्ता बांधते. आपण नळी खरवडून त्यावर रॉकेल ओततो. राणी आणि वारूळ जमिनीत तसंच राहतं, आणि चार दिवसांत शेजारून नवी नळी निघते. तुमच्या हातात आहे ते असं : भिंतीला टेकून लाकूड, पुठ्ठे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवू नका, गळका पाइप दुरुस्त करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. एवढं करूनही वाळवी राहिली तर पायाच्या कडेने भोकं पाडून जमिनीत औषध सोडावं लागतं. बांधून झालेल्या इमारतींसाठी ही पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. काम करायला येणाऱ्याला तो त्यानुसार करतो का, हे नक्की विचारा. विहीर किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर तेही आधीच सांगा.

गोगलगायींबद्दल गेल्या काही वर्षांत खूप विचारणा होते. अंगणात दिसणारी ती मोठी, तपकिरी शंखाची गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या गृहस्थांनी मॉरिशसहून आणून ती कलकत्त्याच्या बागेत सोडली आणि तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने कोवळं सोयाबीन खाऊन टाकलं, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. ती रात्री बाहेर पडते आणि दिवसा ओलसर आडोशाला बसते. तिच्या या सवयीचाच उपयोग करायचा. संध्याकाळी ओली गोणपाटं अंगणात टाकून ठेवा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात टाका. उघड्या हाताने धरू नका, तिच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. विषारी गोळ्या पसरू नका, त्या कुत्रीही खातात.

डासांचं सर्वांना पाठ आहे, तरी एक मुद्दा राहून जातो. डेंगीच्या डासाची मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून घासावं लागतं.

उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतून आत येतो, लहान उंदीर त्याहून बारीक फटीतून. फट जाळीने आणि सिमेंटने बुजवणं हाच टिकाऊ उपाय आहे. पिंजरा लावायचा असेल तर दोन-तीन दिवस चाप न लावता नुसतं खाणं ठेवा, कारण उंदीर नव्या वस्तूजवळ लगेच जात नाही. आणि धान्याच्या कोठीत ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नका. दमट हवेत त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावलेली आहेत. जिथे उंदीर, तिथे मागोमाग साप येतो. फिनेलच्या रेषेने तो अडत नाही. साप घरात शिरला तर त्याच्यावर नजर ठेवून लांब उभं राहा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दंश झाला असेल तर १०८. मांत्रिक नाही, पट्टी आवळणं नाही, थेट रुग्णालय.

शेवटी वीज आणि गॅस. इथे मी तुम्हाला हात घालायला सांगणार नाही, फक्त बघायला सांगेन. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावूही नका आणि बंदही करू नका, दोन्हींत ठिणगी असते. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर बंद करून दारं उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

विजेचा एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर जास्त अँपिअरचा बसवून घेऊ नका. तो पडतोय म्हणजे वायर तापू नये म्हणून तो आपलं काम करतोय. मात्र तो माणसाला वाचवण्यासाठी नाही. ओल्या भिंतीतून, गिझरमधून, पाण्याच्या पंपातून झटका बसला तर माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर एवढा प्रवाह वाट चुकला की तो वीज तोडतो. पुष्कळ घरांत तो नाही, आणि आहे तिथे कोणी तपासत नाही. त्यावर 'टी' असं लिहिलेलं एक छोटं बटण असतं. आज घरी गेल्यावर ते दाबा. खटका पडला तर पुन्हा वर करा आणि महिन्याभराने परत दाबून बघा. पडला नाही, किंवा पेटीत असं बटणच सापडलं नाही, तर परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि भिंती ओल्या व्हायच्या आत बोलवा.