गल्ल्यावरचे मांजर



आपल्या पोरांनी कर्ज काढून दुकाने थाटलीत, आम्हांला अभिमान आहे. पण गल्ल्यावर ते पंजा उचललेले मांजर दिसते, त्याविषयी दोन शब्द.

लोक त्याला चिनी म्हणतात, पण ते जपानचे. नाव मानेकी-नेको, म्हणजे बोलावणारे मांजर. टोकियोतल्या गोतोकुजी या झेन विहाराची आख्यायिका अशी की, दारातल्या मांजराने ई नाओताका या सरदाराला पंजाने आत बोलावले आणि तो वादळातून वाचला. तिकडे तळवा खाली करून बोलावतात. आपणही 'ये रे' तसेच म्हणतो की! उजवा पंजा पैसा बोलावतो, डावा गिऱ्हाईक, अशी समजूत. गोतोकुजीच्या मांजराच्या हातात मात्र नाणे नसते.

तोकोनामे, सेतो, कुतानी इथल्या कारागिरांची कला देखणीच. शोभेला खुशाल ठेवा. पण मांजर आडवे गेले तरी थांबू नका, असे सांगणारे आपण. मग चिनी मातीचे मांजर धंदा चालवते, हे कसे मानायचे? १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी? सम्यक आजीविका म्हणजे चोख वजन आणि रास्त भाव, एवढे साधे आहे ते.

आणि तो ढेरपोट्या हसरा 'बुद्ध' कुणी भेट दिला, तर मुलांना सांगा: हा बुदाई नावाचा चिनी भिक्खू, शाक्यमुनी नव्हे.