ओढ्याकाठची माशी आणि तिचे नाव



आदिलाबाद जिल्ह्यातील कुंतला धबधबा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. कडम नदी तेथे सुमारे 45 मीटर खाली झेप घेते आणि पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच त्या झेपेवर खिळून राहते. आज मात्र मी आपले लक्ष धबधब्याच्या पायथ्याकडे, खळाळत्या पाण्यातील ओल्या दगडांकडे वळवू इच्छितो. कोठल्याही डोंगरी ओढ्याच्या अशा दगडांवर एक अगदी लहान, दोन-तीन मिलिमीटर लांबीची, पाठीला पोक आलेली काळसर माशी वाढत असते. शास्त्रज्ञ या माश्यांच्या प्रजातीला सिम्युलियम म्हणतात. आपण तिला चिलट म्हणतो, हाताने हाकलतो आणि विसरून जातो.

माशी, डास, चिलट, केमरे, गोमाशी एवढे शब्द आपल्या व्यवहाराला पुरतात. परंतु ज्याला आपण एकच चिलट समजतो, त्यात कित्येक निरनिराळ्या जाती असतात, आणि त्यांतील एखादी आजवर कोणीच नोंदलेली नसण्याचा संभव असतो. अशी नवी जात हाती लागली तर तिचे वर्णन कसे करतात, आणि एवढा खटाटोप कशासाठी करावयाचा, हा आजचा विषय आहे.

प्रथम या माशीचा जीवनक्रम पाहू. तिची अळी वाहत्या पाण्यातच जगते. तोंडातून निघणाऱ्या रेशमाची लहानशी गादी ती दगडावर चिकटवते आणि शरीराच्या मागच्या टोकावरील आकड्यांनी तिला घट्ट धरून राहते. डोक्यावर पंख्यासारखे दोन झुपके असतात. प्रवाहातून वाहत येणारे अन्नाचे कण ती त्यांनी गाळून घेते. पुढे ती सपातेच्या आकाराचा कोष विणते. कोषातून श्वसनाचे बारीक तंतू बाहेर डोकावतात. कोणाचे चार, कोणाचे सहा, कोणाचे आठ. पूर्ण वाढ झालेली माशी हवेच्या बुडबुड्यासह वर येते आणि उडून जाते.

हे तंतू, कोषाची वीण आणि नराची जननेंद्रिये पाहिल्यावाचून जात ठरवता येत नाही, कारण पंखांवरून व रंगावरून दोन सख्ख्या जाती ओळखणे फार कठीण जाते. म्हणून संशोधक कोष असलेले पान किंवा खडा ओलसर नळीत ठेवून माशी बाहेर पडण्याची वाट पाहतो, आणि माशी व तिने टाकलेली कात एकत्र जपून ठेवतो. दोहोंची ताटातूट झाली की निम्मा पुरावा गेला. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन, मापे आणि रेखाटने. मग पूर्वी वर्णिलेल्या जातींशी एकेक अवयवाची तुलना. आज जनुकीय परीक्षेचीही जोड मिळाली आहे. एवढे करूनही वेगळेपण टिकले, तर एक नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार म्हणून निवडतात. तो एखाद्या संग्रहालयात ठेवतात आणि वर्णन छापून प्रसिद्ध करतात. त्या नावाविषयी पुढे कधी वाद उपस्थित झाला, तर निवाडा त्या एका माशीवरून होतो.

आपल्या देशात या कामाचा पाया घालणाऱ्यांत एन्रिको ब्रुनेट्टी यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचा पेशा संगीताचा. पण कोलकात्यात राहून त्यांनी द्विपंखी कीटकांचा व्यासंग केला आणि 1912 ते 1923 या काळात भारतातील माश्यांवरील तीन ग्रंथखंड सिद्ध केले. पुढे 1932-33 च्या सुमारास पुरी यांनी भारतीय सिम्युलियमच्या अळ्या, कोष आणि माश्या यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. आजचा संशोधकही प्रथम या जुन्या पानांकडेच वळतो.

आता प्रश्न उरतो प्रयोजनाचा. आफ्रिकेतील एक उदाहरण पुरे आहे. तेथील सिम्युलियम डॅम्नोसम या माशीचे वर्णन 1903 साली झाले. तिच्या दंशातून एक सूत्रकृमी माणसाच्या शरीरात शिरतो आणि कित्येकांची दृष्टी जाते, हे पुढे 1926 साली ध्यानात आले. 1966 च्या सुमारास अळ्यांची गुणसूत्रे तपासली, तेव्हा एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या आढळल्या. आणि त्या सगळ्या सारख्याच घातक नव्हत्या. 1974 साली पश्चिम आफ्रिकेत नद्यांवर औषध फवारण्याची मोठी मोहीम सुरू झाली, ती 2002 पर्यंत चालली. कोणत्या प्रवाहात कोणती जात आहे हे ज्ञान तेथे फार मोलाचे ठरले. सुदैवाने हा रोग आपल्याकडे रुजलेला नाही. परंतु शत्रू कोण आणि निरुपद्रवी कोण, हे नावावाचून सांगता येत नाही, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

शेवटी एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. नमुन्याबरोबर कागदाची एक बारीकशी चिठ्ठी असते. तीवर स्थळ, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. समजा, कोणी 1940 साली किनवटच्या ओढ्यावर माशी पकडली असती, तर त्याने लिहिले असते, ‘आदिलाबाद जिल्हा, हैदराबाद संस्थान’. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन किनवट नांदेड जिल्ह्यात आले. 2014 साली तेलंगण राज्य झाले, आणि 2016 साली जुन्या आदिलाबादमधून निर्मल, मंचिर्याल व आसिफाबाद हे जिल्हे वेगळे निघाले. ओढा जागचा हलला नाही. चिठ्ठीचा अर्थ मात्र बदलला. म्हणून जिल्ह्याच्या नावावर न थांबता ओढ्याचे नाव, जवळचे गाव, अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावयाची असते.

कारण ती चिठ्ठी वाचणारा माणूस कदाचित शंभर वर्षांनी येईल. तो त्या ओढ्याशी जाऊन उभा राहील आणि माशी अजून तेथे आहे का, ते पाहील. ओढा अडवला गेला, कोरडा पडला किंवा सांडपाण्याने भरला, तर वाहत्या पाण्यावर जगणारी ती अळी तेथे टिकणार नाही. तिची नोंद झालेली असेल, तर काय गमावले ते त्याला कळेल. नोंदच नसेल, तर काही गमावले आहे एवढेही त्याला कळणार नाही. ओढ्याकाठच्या एका चिलटाला नाव देण्यासाठी माणसाने वर्ष-दोन वर्षे खर्ची घालावीत, याचे कारण एवढेच आहे.