चालवणाऱ्यासाठी चार पाने



अंबरनाथचे शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आहे आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. ते शिखर कसे रचले, दगडावर दगड कसा बसवला, याची कृती मात्र त्यात नाही. ती पाथरवटांच्या हातांत होती आणि त्या हातांबरोबरच गेली.

आमच्या हातून नऊशेहून अधिक वर्षांनंतर हीच चूक घडली, आणि तीही अवघ्या दीड वर्षात. बदलापूरच्या एका छोट्या वाचनालयासाठी आम्ही तिघांनी पुस्तकांच्या देवघेवीचे सॉफ्टवेअर तयार केले. पुढे ज्याच्या डोक्यात सारे होते तो नोकरीनिमित्त बंगळूरला गेला. जुना संगणक बदलला आणि नोंदी दिसेनाशा झाल्या. ग्रंथपालबाईंचा फोन आला, "अहो, कोणाकडे कोणते पुस्तक आहे, काही कळेना!" नोंदी गेल्या नव्हत्या. जुन्या संगणकावर एका फोल्डरात त्या सुखरूप होत्या. तो फोल्डर कोणता, एवढेच कोठे लिहिलेले नव्हते. बाईंनी निमूटपणे जाडजूड रजिस्टर पुन्हा बाहेर काढले. त्यांचे ते न बोलणे आम्हांला फार लागले.

मग आम्ही माहितीचे संकेतस्थळ करायला बसलो. संकेतस्थळ म्हटले की खर्च, सर्व्हर असले अवडंबर डोळ्यांपुढे उभे राहते. येथे त्यातले काही लागत नाही. मजकूर 'मार्कडाउन' पद्धतीने साध्या फाईलीत लिहावा. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. ओळीच्या आरंभी हॅशचे चिन्ह आणि जागा सोडली की तो मथळा होतो. इतके ते सोपे आहे. या फाईलींची पाने बनवणारी साधने फुकट मिळतात. आम्ही एमकेडॉक्स घेतले. संगणकावर पायथन मात्र हवे. 'न्यू' ही आज्ञा दिली की मांडणीची एक फाईल आणि 'डॉक्स' नावाचा फोल्डर तयार होतो. आपला मजकूर त्या फोल्डरात टाकायचा. 'सर्व्ह' म्हटले की आपल्याच संगणकावर पाने पाहता येतात आणि 'बिल्ड' म्हटले की 'साइट' फोल्डरात तयार पाने मिळतात. सार्वजनिक प्रकल्प असेल तर ती गिटहब पेजेसवर विनामूल्य ठेवता येतात.

वाचनालयात इंटरनेट वारंवार बंद पडे, म्हणून पेनड्राइव्हवरही एक प्रत दिली. तेथे फसलो. दुवा दाबला की पानाऐवजी फोल्डरातील फाईलींची यादी समोर येई. मांडणीच्या फाईलीत 'यूज डिरेक्टरी यूआरएल्स' हे 'फॉल्स' करावे लागते. तरीही मूळची शोधपेटी अशा प्रतीत चालत नाही. म्हणून अनुक्रमणिका नीट करावी.

पण हे सारे तासाभराचे काम. खरा घाम लिहिताना निघतो. आमचा पहिला मसुदा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधील अकरावीच्या एका मुलीने तिसऱ्याच ओळीवर अडवला. "आवश्यक त्या गोष्टी बसवून घ्याव्यात," असे आम्ही ऐटीत लिहिले होते. ती म्हणाली, "काका, त्या कोणत्या?" तिला शेजारी बसवून, ती जेथे थांबेल तेथे आम्ही लिहीत गेलो. शेवटी चारच पाने उरली: हे कशासाठी आहे, कसे बसवावे, रोजची कामे, आणि बिघडले तर काय करावे. नोंदींचा फोल्डर आणि त्याची प्रत काढण्याची रीत आम्ही अगदी वर, पहिल्याच पानावर घातली.

पुढल्या खेपेला संगणक बदलला तेव्हा फोन आलाच नाही. आम्हीच काळजीने लोकल पकडून बदलापूरला गेलो. बाईंनी पान वाचून सारे हलवले होते. मात्र एक पायरी आम्ही गाळली होती. ती त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवली होती. ती त्याच रात्री आम्ही चौथ्या पानात घातली.