चार अंक आणि सोळा घरे



वर्तमानपत्रात येणारे सुडोकूचे कोडे आपल्या सातारा-सांगलीकडेही आता घरोघरी ओळखीचे झाले आहे. ते सोडवणारे पुष्कळ भेटतात. रचणारा मात्र क्वचित. आज आपण कोडे सोडवायचे नाही, रचायचे आहे. शिक्षक बंधुभगिनींनी पाटी-पेन्सिल जवळ घ्यावी, म्हणजे बोलणे नीट ध्यानात येईल.

कोड्यासाठी अंक हवेत. ते आपण एका शाळामास्तरांकडून घेऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आणि नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी त्यांची नोकरी. १९४९ साली त्यांनी एक गंमत जगापुढे मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा तेच करा. १२३४ घेऊ. ४३२१ मधून १२३४ गेले, राहिले ३०८७. आता ८७३० मधून ०३७८ वजा करा, आले ८३५२. पुढे ८५३२ मधून २३५८ वजा, आले ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथेच पोचाल. हा ‘कापरेकर स्थिरांक’. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव दूरवर गेले.

आता ६, १, ७, ४ हे चारही अंक वेगवेगळे आहेत. आपल्याला नेमके तेच हवे. पाटीवर चार आडव्या आणि चार उभ्या ओळींची सोळा घरे आखा. मधोमध एक आडवी आणि एक उभी जाड रेघ ओढा, म्हणजे चार-चार घरांचे चार चौक होतील. नियम एवढाच की प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक चौकात हे चारही अंक एकेकदाच यावेत.

हा नियम शेतकऱ्यालाही उपयोगी आहे, बरं का! हळदीचे चार वाण पारखायचे असतील, तर शेताच्या एका कडेला ओल जास्त, दुसरीकडे माती हलकी, असे असतेच. म्हणून प्रयोगाच्या शेतात सोळा वाफे पाडून प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत एकदाच लावतात. मग चांगल्या जमिनीचा फायदा कुणा एकालाच मिळत नाही. मांडणीतच न्याय असतो.

कोड्यातही तोच न्याय पाहिजे. कोड्याला उत्तर एकच असावे. का, ते करूनच पाहू.

पहिल्या आडव्या ओळीत ६-१-७-४ लिहा आणि बाकी घरे मुलांना भरू द्या. ६ आणि १ च्या खाली ७-४ येईल, नाहीतर ४-७. ७ आणि ४ च्या खाली ६-१ येईल, नाहीतर १-६. दुसऱ्या ओळीतच चार वाटा फुटल्या. शेवटपर्यंत गेलात तर एकूण बारा उत्तरे निघतात, आणि बाराही बरोबर! मास्तरांच्या वहीत त्यांतले एकच असेल, तर दुसरे बरोबर उत्तर आणणाऱ्या पोराच्या पाटीवर फुली पडायची. एकदा अशी फुली बसली की ते पोर गणितापासून दूर जाते. चूक कोड्याची आणि शिक्षा पोराला, असे होऊ नये.

आता हेच अंक तिरके लिहू. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ६, १, ७, ४. या वेळी उत्तरे बारावरून दोनावर येतात. एक, वरून खाली ओळीने असे: ६-७-४-१, ४-१-६-७, १-४-७-६, ७-६-१-४. दुसरे असे: ६-४-१-७, ७-१-४-६, ४-६-७-१, १-७-६-४. नीट पहा, तिरके चार अंक सोडले तर उरलेल्या बाराही घरांत दोन्ही उत्तरे वेगळी आहेत. म्हणून त्या बारांपैकी कुठलेही एक घर भरून द्या, कोडे पक्के होते. पहिल्या ओळीच्या दुसऱ्या घरात ७ लिहा. आता उत्तर एकच.

मोठे, एक्क्याऐंशी घरांचे कोडे हवे असेल तर वर्तुळाकडे वळावे. परिघाला व्यासाने भागले की येणारी संख्या म्हणजे पाय. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त तिच्यासाठी ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म मान दिले आहे, आणि व्यवहारासाठी २२ भागिले ७. तिचे पहिले नऊ अंक ३, १, ४, १, ५, ९, २, ६, ५. एका आडव्या ओळीत ते बसत नाहीत, कारण १ आणि ५ दोनदा येतात. तिरके लिहा, की तीन चौकांत ३१४, १५९, २६५ असे तिघे-तिघे छान बसतात. पुढच्या नवांत मात्र ९७९ येते. एका चौकात ९ दोनदा, म्हणून ते चालत नाहीत. शिवाय नऊ अंकांवर कोडे पुरे होत नाही. नऊ बाय नऊच्या सुडोकूला एकच उत्तर हवे तर निदान सतरा अंक द्यावे लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली संगणकावर तपासून दाखवले. म्हणजे आपण आणखी निदान आठ अंक विचारपूर्वक द्यायचे.

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. हे कोडे फळ्यावर लिहा, पण त्याआधी दुसरे उत्तर निघते का ते स्वतः शोधा. पुढच्या आठवड्यात मुलांनाच कोडी रचू द्या आणि एकाचे कोडे दुसऱ्याला तपासायला द्या. ज्याला दुसरे उत्तर सापडेल, त्याला शाबासकी मिळाली पाहिजे. खर्च काय, तर खडूचा एक तुकडा!