कागद कुणाच्या हातून आला?

मी फॉरेन्सिक अकाउंटिंग शिकतेय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे सीआयडी का?" नाही हो. दार तोडणारा दया आमच्याकडे नसतो, बँक स्टेटमेंट असतं.

सत्यमची केस घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंनी पत्रात कबूल केलं की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये नव्हतेच! कागदावर बेरीज जुळत होती, पैसा मात्र नव्हता. म्हणून आम्ही एक सवय लावून घेतो. बँकेतली शिल्लक किती, हे कंपनीच्या कागदावरून मानायचं नाही, थेट बँकेला विचारायचं.

डोनाल्ड क्रेसी या अभ्यासकाने अफरातफरीबद्दल तुरुंगात असलेल्यांशी बोलून काही कारणं मांडली. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी आणि "नंतर परत ठेवीन" ही मनाची समजूत. म्हणजे अफरातफर करणारा बहुतेक वेळा विश्वासातलाच माणूस असतो. विश्वास नसता, तर तिजोरीची किल्ली त्याच्याकडे आलीच नसती ना!

आणि इथेच आपण अडतो. सोसायटीत, गणेश मंडळात हिशेब मागितला की "काकांवर संशय घेतोस?" असं ऐकावं लागतं. पण काका प्रामाणिक असतील, तर तपासलेला हिशेब त्यांचीच ढाल आहे. तेव्हा पुढच्या मीटिंगला एक्सेलची प्रिंट नको, बँकेचं स्टेटमेंट मागा. आणि हो, हसून मागा!