उकिरड्यावरचं घर
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजचा विषय जमीन. शेतीची नव्हे, शहरातली, आणि तीही वापरून नासवलेली. नफा घेऊन एक निघून जातो, विष मातीत राहतं, आणि मग त्या मातीवर राहायला कुणाला पाठवतात, एवढंच आज बघायचंय.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात घातला. त्याच साली मुंबईनं देवनारला कचरा टाकायला सुरुवात केली. या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवत नाही. आपण ठेवू. गावात ढोर ओढणारा गावकुसाबाहेर. शहरात कचरा उचलणारा डम्पिंगच्या कडेला. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखानाही देवनारलाच आणला. गोवंडी, बैंगणवाडी, शिवाजीनगर, मानखुर्द ही नावं ऐका. शहरानं गावाचा नकाशा फाडला नाही, नुसता मोठा केला.

आता धारावी बघा. पुनर्विकासाची निविदा २०२२ साली अदानी समूहाला मिळाली. मग माणसांची चाळणी सुरू झाली. तळमजल्यावर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहतो तो पात्र. त्याला धारावीतच ३५० चौरस फूट. २००० ते २०११ मधला अडीच लाख भरून धारावीबाहेर. माळ्यावरचा तर भाड्याच्या घरात, तेही बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? २०२४ साली राज्य सरकारनं याच घरांसाठी देवनार डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन देऊन टाकली. तेव्हा तिथं कचरा पडायचा थांबलाही नव्हता!

कचऱ्याचा डोंगर म्हणजे मेलेली वस्तू नव्हे. तो आतून कुजत राहतो. मिथेन वायू सुटतो, पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, दिवसच्या दिवस धुमसत राहिलं, महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. खालून काळं पाणी झिरपतं, त्यात शिसं असतं, पारा असतो. ते मातीत जातं, खाडीत जातं. आणि कुजता कुजता जमीन खचत जाते. यावर मजले चढवायचे!

कायदा काय सांगत होता? २०१६ च्या घनकचरा नियमांत स्वच्छ लिहिलं होतं: डम्पिंग बंद करा, नंतर १५ वर्षं लक्ष ठेवा, वायू आणि झिरपणारं पाणी तपासा, जमीन स्थिर आहे का बघा, मगच वस्तीचा विचार करा. १५ वर्षं. गरिबाच्या वेळेला मात्र घाई.

सरकार म्हणेल, आम्ही डोंगरच उपसतोय. खरं आहे. २०२५ साली महापालिकेनं सुमारे १८५ लाख टन कचरा तीन वर्षांत काढायला २,३६८ कोटींची निविदा काढली. याला बायोमायनिंग म्हणतात: खणा, वाळवा, चाळा, प्लास्टिक वेगळं, माती वेगळी. पण डोंगर हलला म्हणजे त्याखालची माती शुद्ध झाली असं नाही. जवळजवळ शंभर वर्षं जे झिरपलं ते चाळणीत येत नाही. आणि पैसा कुणाचा? महापालिकेचा, म्हणजे तुमचा-आमचा.

हे पहिल्यांदा घडत नाही. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा खड्डा होता. हूकर केमिकल कंपनीनं त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली, आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. शाळा झाली, घरं झाली. १९७८ साली तळघरांतून विष वर आलं. बायका रस्त्यावर उतरल्या, सरकारला घरं विकत घ्यावी लागली. पण शेजारीच ग्रिफन मॅनॉर ही सरकारी भाड्याची वस्ती होती, बहुतेक काळ्या माणसांची. त्यांच्या नावावर घर नव्हतं, म्हणून त्यांना वेगळं भांडावं लागलं. विष तेच, हवा तीच. पण कागद नाही! आपल्याकडं त्यालाच अपात्र म्हणतात.

काहीजण म्हणतील, फुकटात, स्वस्तात घर मिळतंय, गप्प बसा. उलट काही साहेब म्हणतील, तिथं काहीच बांधू नका, झाडं लावा. दोघांनाही आपण विचारू: मग आमचा माणूस राहणार कुठं? आपल्याला घर पाहिजे. या शहरात पाहिजे. पण भीक म्हणून विष नको.

म्हणून मागणी साधी आहे. माती, पाणी, वायू यांची तपासणी स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून करा आणि अहवाल मराठीत, हिंदीत वस्तीच्या भिंतीवर लावा. साफ झाल्याशिवाय एक वीट नको. तोवर धारावीतल्या कुणाला हलवू नका. अपात्र हा शब्दच खोडा. आणि ज्यांनी आजवर देवनारचा धूर गिळला, त्या गोवंडीवाल्यांचा त्या जमिनीवर पहिला हक्क माना.

होणार नाही म्हणता? माहुल आठवा. तानसा जलवाहिनीकडेची घरं पाडून माणसं रिफायनऱ्यांच्या तोंडाशी नेऊन टाकली. लोक रस्त्यावर बसले, कोर्टात लढले. २०१९ साली हायकोर्टानं बजावलं, दुसरीकडं घर द्या, नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या.

तेव्हा वस्तीत जा. कुणाच्या हातात कुठला कागद आहे, कोण अपात्र ठरलाय, कुणाला देवनार दाखवलंय, घरोघर लिहून आणा. पुढच्या बैठकीला भाषण नको, ती वही पाहिजे.

जय भीम.