‘लग्न म्हणजे लग्न’ एवढ्यानं भागत नाही

दोन बायका एकमेकींशी किंवा दोन पुरुष एकमेकांशी लग्न करू शकतात का, यावरचे वाद टीव्हीवर आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत. त्या वादाचा निकाल आम्ही आज देणार नाही. तो वाद घातला कसा जातो, त्याबद्दल आम्हाला बोलायचं आहे. कारण पुष्कळदा तो घाण्याच्या बैलासारखा चालतो. दिवसभर पाय दुखेस्तोवर फिरायचं, आणि संध्याकाळी बघावं तर जिथल्या तिथंच.

ऐका हं. कुणी विचारतं, “दोन बायकांनी लग्न का करू नये?” उत्तर येतं, “कारण लग्न बाई आणि पुरुषाचंच असतं.” “ते तसंच का असावं?” “कारण त्यालाच तर लग्न म्हणतात!” झालं, पहिले पाढे पंचावन्न. जे सिद्ध करायचं, तेच कारण म्हणून पुढे केलं. पहिलं वाक्य दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसरं पहिल्याच्या, आणि जमिनीवर पाय कुणाचेच नाहीत. आपल्या जुन्या न्यायशास्त्रानं हा दोष कधीच ओळखला होता. ‘अन्योन्याश्रय’, ‘चक्रक’ अशी त्याला नावंही दिली होती.

असं फक्त पारावरच होतं असं समजू नका. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात दोन स्त्रियांना लग्नाचा परवाना नाकारला गेला. १९७३ साली प्रकरण वरच्या न्यायालयात आलं. राज्याच्या कायद्यात लग्नाची व्याख्याच नव्हती, म्हणून न्यायालयानं शब्दकोश उघडले. तिथं लग्न स्त्री-पुरुषांचं असं लिहिलेलं, म्हणून या दोघी मागतात ते लग्नच नव्हे, असा निकाल लागला. पुढे तीस वर्षांनी, २००३ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की आजवर असंच होतं म्हणून पुढेही असंच राहावं, हे म्हणणं गोल फिरणं आहे, तो विचार नव्हे.

आपल्याला हे नवं नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ मध्येच मान्यता दिली होती. तरी लोक म्हणायचे, कन्यादान एकदाच होतं, दिलेलं दान पुन्हा कसं देणार? यात बाई ही दान द्यायची वस्तू आहे, हे आधीच गृहीत धरलेलं. खरा प्रश्न तर तोच होता! धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आज ते कारण कुणी तोंडावर आणत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. समलिंगी विवाहाचं प्रकरण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चाललं. नवरा, बायको आणि मुलं ही भारतीय कुटुंबाची कल्पना आहे, या नात्याची तिच्याशी तुलना होत नाही, असं केंद्र सरकारनं लेखी सांगितलं. म्हणजे पुन्हा, आहे तसं आहे म्हणून तसंच. पण १७ ऑक्टोबरला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, त्यात मुख्य मुद्दा वेगळा होता. विशेष विवाह कायदा न्यायालयानं नव्यानं लिहायचा नाही, ते संसदेचं काम, असं त्यांनी म्हटलं. हा निकाल कुणाला पटेल, कुणाला नाही. पण या कारणाला पाय आहेत. ते कुठंतरी नेतं. ते प्रश्न संसदेपुढं, म्हणजे शेवटी आपल्यापुढं आणतं.

गोल फिरण्याची खोड एकाच बाजूला नाही, हेही सांगितलं पाहिजे. “लग्न हा प्रत्येकाचा हक्क, म्हणून यांचाही,” असं म्हटलं की वाद संपला असं काहींना वाटतं. पण हे जे मागतात ते लग्नात बसतं का, वाद तर त्याचाच आहे. तेही आधी धरूनच चाललं.

तिसरं एक वाक्य दोन्हीकडून ऐकू येतं, “समाज अजून तयार नाही.” तयार का नाही? कारण अशी जोडपी कुणी पाहिलेली नाहीत. पाहिली का नाहीत? ती लपून राहतात म्हणून. लपतात का? समाज तयार नाही म्हणून!

मग खरं कारण कसं ओळखायचं? ते तपासता येतं. कुणी म्हणालं, “लग्न मुलाबाळांसाठी असतं,” तर ते निदान कारण आहे. मग विचारता येतं, साठीतल्या दोघांना कायदा अडवतो का? नाही अडवत. विशेष विवाह कायद्यात मुलीला १८ आणि मुलाला २१ ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. कुणी म्हणालं, “पोटगी, वारसा यांचे कायदे नवरा-बायको धरून लिहिलेत, ते कसे बसवायचे?” तर तोही खरा प्रश्न. त्यावर बसून काम करता येतं.

आणि काम करायलाच हवं, कारण गोल फिरण्यात माणसांचं आयुष्य जातं. दोघी वीस वर्षं एका छताखाली राहिल्या, पैसा पैसा जोडून एकीच्या नावावर घर घेतलं, आणि ती मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू वारसा कायद्याच्या यादीत दुसरीचं नावच नाही. घर माहेरच्यांकडे जाईल. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की अशा जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं. रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातलं मानावं, असंही राज्यांना कळवलं. हे थोडं आहे, पण उपयोगाचं आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर नक्की सांगा, आणि मृत्युपत्र करायलाही सांगा.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी हा वाद कानावर आला की बाजू घेण्याआधी एक करून बघा. बोलणाऱ्यानं ‘कारण’ म्हटल्यावर पुढे काय आलं, ते नीट ऐका. नवीन काही आलं, की आधीचंच वाक्य साडी बदलून आलं? आधीचंच असेल, तर प्रेमानं एवढंच म्हणा, “हे कळलं हो, पण का?”

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.